बदलापूरमध्ये चोऱ्या आणि घरफोड्या खरोखरच वाढल्या आहेत का?

बदलापूरला घर घेण्याचा आपला विचार चालू आहे, पण तिथे घरफोड्या फार वाढल्याचे सगळे सांगतात, तर ते कितपत खरे आणि ते तपासायचे कसे, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे बदलापूर पूर्वेला राहतो आणि काही काळ आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. माझे मत असे की, गुन्ह्यांचा नुसता आकडा वाढलेला दिसला म्हणजे धोका वाढलाच असे होत नाही; आधी तो आकडा कशाचा आहे, हे पाहावे लागते.

पहिली गोष्ट लोकसंख्येची. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत 2001 च्या जनगणनेत सुमारे 98 हजार माणसे होती, ती 2011 मध्ये सुमारे 1 लाख 74 हजार झाली. म्हणजे त्या दहा वर्षांत घरफोड्या पाऊणपटीने वाढल्या असत्या, तरी दर हजार माणसांमागचे त्यांचे प्रमाण जवळपास होते तेवढेच राहिले असते. 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे कात्रप, शिरगाव, बेलवली, मांजर्ली या भागांत नंतर उभ्या राहिलेल्या इमारतींमधील कुटुंबे कोणत्याही अधिकृत जनगणनेत आलेली नाहीत. आजचे गुन्हे 2011 च्या लोकसंख्येने भागले, तर शहर आहे त्यापेक्षा अधिक असुरक्षित दिसणारच.

दुसरी अडचण नोंदणीची आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. फलाटावर किंवा लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला, तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवला जातो. शहरातील पोलीस ठाण्याच्या आकड्यात तो येत नाही. येथून मुंबईला रोज जाणाऱ्यांच्या शहरात ही वजावट लहान नाही. शिवाय चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून नोंदवण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. काही वर्षांपूर्वी गर्दीत माझ्या खिशातून फोन काढून घेतला गेला, तेव्हा एका ठाण्यात (बदलापूरच्या नव्हे) मला तसाच दाखला घेण्याचा सल्ला मिळाला होता. मी आग्रह धरला नसता, तर ती चोरी कोणत्याच आकडेवारीत आली नसती. म्हणून एखाद्या वर्षी चोरीचे गुन्हे अचानक वाढलेले दिसले, तर त्याचे कारण चोर वाढले हेही असू शकते आणि फिर्याद नीट लिहून घेतली जाऊ लागली हेही असू शकते. दुसरे कारण असेल, तर ती वाढ चांगली म्हणायला हवी.

वर्षांची तुलना करताना आणखी दोन ठिकाणी फसगत होते. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे माणसे घरातच होती आणि देशभर चोरीचे गुन्हे घटले; ते वर्ष पाया धरून काढलेली टक्केवारी निरुपयोगी आहे. दुसरे असे की, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम 304 खाली हिसकावून नेण्याचा स्वतंत्र गुन्हा आला. त्यापूर्वी सोनसाखळी खेचण्याचे प्रकार चोरीच्या किंवा जबरी चोरीच्या कलमांखाली नोंदवले जात असत. तेव्हा त्या तारखेआधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र मांडायचे, तर ही शीर्षके मिळवूनच पाहावी लागतात. ‘लाखोंचा ऐवज लंपास’ या मथळ्यांनीही घाबरू नये. 2020 च्या सुरुवातीला दहा ग्रॅम सोने सुमारे 40 हजार रुपयांना मिळत होते, 2025 मध्ये ते लाखाच्या पुढे गेले. तेच मंगळसूत्र गेले, तरी रक्कम दुपटीहून अधिक दिसते.

माझ्या पाहण्यात येथील घरफोडीचे एक वैशिष्ट्य टिकून आहे. मुंबई सुमारे 68 किलोमीटरवर असल्यामुळे नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणारी घरे सकाळपासून रात्रीपर्यंत कुलूपबंद असतात, आणि दिवसाढवळ्या कडीकोयंडा तोडून आत शिरणाऱ्याला हा वेळ पुरेसा होतो. गणपतीत आणि मे महिन्यात माणसे गावी गेली की रात्रीची घरेही रिकामी पडतात. उलट रस्त्याकडेला उभ्या केलेल्या दुचाकींच्या चोरीला असा हंगाम मला कधी दिसला नाही.

तपासायचे असेल, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात शोधत बसू नका. बदलापूर ठाणे पोलीस आयुक्तालयात येते आणि तेथे ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर यांच्यासह एकत्रित आकडा मिळतो. त्याऐवजी दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. बदलापूर पूर्व आणि पश्चिम या दोन्ही ठाण्यांची पाच वर्षांची माहिती मागा, आणि दिवसाची घरफोडी, रात्रीची घरफोडी, वाहनचोरी व सोनसाखळी चोरी यांचे दाखल व उघडकीस आलेले गुन्हे वेगवेगळे मागा. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. तोवर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणे आणि तारीख निवडून प्रथम माहिती अहवाल वाचता येतात. आपण घर पाहत आहात त्या रस्त्याचे नाव त्यांत किती वेळा येते, दरवाजा तोडला होता की उघडा राहिला होता, घटना किती वाजताची आहे, हे सगळे तिथे लिहिलेले असते.