'इन कॅमेरा' म्हणजे नक्की कुठे?

'सुनावणी इन कॅमेरा होणार' असं वाचून तुम्हाला वाटलं, सगळ्याचं चित्रीकरण होणार. पण पुढच्याच ओळीत 'पत्रकारांना प्रवेश नाही'. हे कसं, असा तुमचा प्रश्न आहे. चूक तुमची नाही, शब्दच फसवा आहे.

लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली, मुळात कमानदार छताची. 'इन कॅमेरा' म्हणजे खोलीत, न्यायाधीशाच्या दालनात, म्हणजेच बाहेरच्यांना मज्जाव करून. फोटोचं यंत्र फार नंतरचं. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं झाड समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. अशा खोलीला 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, म्हणत. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीत फिल्म आली. नावातला अंधार गळाला आणि नुसती खोली उरली. हिंदीतला 'कमरा'ही याच घरातला, पोर्तुगिजांकडून आलेला. म्हणजे 'बंद कमरे में सुनवाई' म्हणणारा नकळत लॅटिनच बोलत असतो!

कायद्यात अर्थ पक्का आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ११ नुसार दोघांपैकी एका पक्षाने मागणी केली तरी कामकाज 'इन कॅमेरा' चालवावं लागतं. घटस्फोटाचे तपशील चारचौघांत निघू नयेत, हा हेतू.

घोळ केलाय तो आपल्या बातम्यांनी. कोठडीत मृत्यू झाला की 'इन कॅमेरा शवविच्छेदन' असं छापून येतं, आणि तिथे खरोखरच व्हिडिओ काढलेला असतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक लपवण्याचा, दुसरा पुरावा राखण्याचा. हा दुसरा अर्थ आता इतका रुळलाय की त्याला चूक म्हणून काही उपयोग नाही. मी स्वतः तिथे 'चित्रीकरणासह' लिहितो आणि सुनावणीला 'बंद दाराआड'.

आपल्याकडेही गुप्त बोलण्याची अशी खोली होती की! रायगडावर खलबतखाना दाखवतात. अरबी 'खल्वत' म्हणजे एकांत. मराठीत तिचं 'खलबत' झालं आणि अर्थ एकांतावरून एकांतातल्या मसलतीवर सरकला. जागेचं नाव त्याला 'खाना' जोडून होतं. लॅटिनमध्ये खोलीच गुप्ततेची खूण झाली, इथे वाट उलटी. सुनावणीला हा शब्द मला फार आवडला असता, पण 'खलबतं' म्हटलं की हल्ली रात्री उशिरा बंगल्यावर जमलेले आमदारच डोळ्यांसमोर येतात.