गरोदरपणात आईची साखर वाढली, तर बाळाच्या जनुकांवर त्याची खूण राहते का?

पत्नीला सहाव्या महिन्यात साखर निघाली, आपल्याही घराण्यात मधुमेह आहे, तेव्हा हे सारे बाळाच्या जनुकांवर कायमचे उमटेल का, असे आपण विचारले आहे. मी लातूर जिल्ह्यात जीवरसायनशास्त्र शिकवतो. त्या आधारे सांगतो.

आईच्या साखरेने जनुके बदलत नाहीत; कोणते जनुक किती काम करील, यावरचे नियंत्रण मात्र बदलू शकते. जनुके ज्या डीएनएची असतात, त्यावर मिथाइल नावाचे लहान रासायनिक गट खुणांसारखे बसतात आणि हे नियंत्रण करतात. त्यांचा पुरवठा फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळ्यांतून मिळणारे जीवनसत्त्व), बी-१२ जीवनसत्त्व व कोलीन या आहारातील घटकांवर अवलंबून असतो, म्हणून आईच्या आहाराचा या खुणांशी थेट रासायनिक संबंध आहे. शिवाय आईचे ग्लुकोज वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्सुलिन जवळजवळ जात नाही. त्यामुळे बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते आणि चरबी साठते.

माणसांतला महत्त्वाचा पुरावा नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या उपासमारीचा आहे. त्या काळात आईच्या पोटात ज्यांचा गर्भ राहिला, त्या मुलांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावर सुमारे ६० वर्षांनंतरही सख्ख्या भावंडांपेक्षा कमी मिथाइल आढळले. बहात्तरचा दुष्काळ घरोघरी सांगितला जातो अशा आपल्या भागात हे वाचताना मन अस्वस्थ होते. पण तो फरक लहान होता आणि त्यानेच आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही.

आपल्याला अधिक जवळचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व मुलांचा पाठपुरावा केला. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वांत कमी दिसला. तरी यावरून फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नयेत, त्या आवश्यकच आहेत. मात्र घरात दूध, अंडी, मांस फारसे खाल्ले जात नसेल, तर डॉक्टरांना बी-१२ तपासण्याविषयी जरूर विचारावे.

वडिलांचाही यात वाटा असू शकतो. बापाचा आहार बदलला की शुक्राणूंतील सूक्ष्म आरएनए (जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणारे छोटे रेणू) बदलतात आणि त्याचा परिणाम पिलांच्या चयापचयावर होतो, हे उंदरांत दिसले आहे; माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे. तरीही बाळाच्या आजाराचा सारा दोष सुनेवर टाकण्याला शास्त्राचा आधार नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आपणच सांगावे.

सध्या जेवणानंतरची साखर नियमित तपासावी, डॉक्टरांनी सांगितलेला आहार व चालणे सांभाळावे, आणि इन्सुलिन सुचवले तर घाबरून टाळू नये. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी पत्नीची साखरेची चाचणी पुन्हा करावी. ही चाचणी आपल्याकडे बहुतेक वेळा राहून जाते.