फ्रेजल व्हर्ब: सुरुवातीला एवढंच बघा

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप'सारखा छोटा शब्द जोडून झालेलं क्रियापद. त्यांच्या याद्या पाठ करायला घेतल्या असतील तर आधी त्या बाजूला ठेवा. 'गेट'चे वीस प्रकार एका बैठकीत घोकले की चार दिवसांत सगळ्यांची खिचडी होते. आठवड्याला पाच पुरेत, तेही पूर्ण वाक्यात.

खरी गोची जागेची आहे. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतात. पण फॅनऐवजी 'इट' आलं की ते मधेच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. उलट 'लुक ॲट इट' कधीच फुटत नाही, कारण 'ॲट' हे प्रीपोझिशन, म्हणजे नाम-सर्वनामाच्या आधी येणारा शब्द. बोलतानाही फरक ऐकू येतो: पहिल्यात जोर 'ऑफ'वर, दुसऱ्यात 'लुक'वर. शंका आली तर लर्नर्स डिक्शनरी (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश) उघडा. 'समथिंग' मधे छापलेलं असेल तर क्रियापद फुटतं.

आपल्याकडे हमखास होणाऱ्या चुका:
- 'डिस्कस अबाउट': मनातलं 'बद्दल' घुसतं. नुसतं 'डिस्कस' म्हणा.
- 'कोप अप विथ': 'अप' काढा.
- 'मॅरीड विथ': इथे 'टू' हवं.
- 'रिटर्न बॅक': 'बॅक' फुकटचं.

'पुट अप विथ'सारखी तीन शब्दांची मंडळी सध्या राहू द्या. वरचा 'इट'चा नियम जिभेवर बसला की मग ती घ्या.