हा दोष कोणाकडून आला?

एएमएल, म्हणजे तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेल्या रुग्णांच्या आईवडिलांकडून एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, हल्ली तो त्यांच्या बोलण्याआधीच मला जाणवतो. अहवालात जनुकीय बदलाचा उल्लेख असतो आणि घरात शोध सुरू होतो : हा दोष कोणाच्या घराण्यातून आला, आणि आता धाकट्याचे काय? अशाच एका आईची हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

तिच्या तरुण मुलीला एएमएलचा एक दुर्मीळ उपप्रकार झाला होता. यात सहाव्या आणि नवव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन डीईके आणि एनयूपी२१४ ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात. एएमएलच्या साधारण १०० रुग्णांत एखाद्यालाच हा प्रकार आढळतो, आणि तोही बहुधा तरुण वयात. केवळ केमोथेरपीने तो कायमचा आटोक्यात राहणे कठीण असल्यामुळे त्याची गणना अधिक जोखमीच्या गटात होते आणि पहिल्या उपचारांना यश येताच दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण करण्याचा सल्ला दिला जातो. डॉक्टरांनी हे सारे नीट समजावले होते. तरीही धाकट्या मुलाची एचएलए जुळणीची तपासणी, म्हणजे तो बहिणीचा दाता होऊ शकेल का हे पेशींवरील ओळखखुणांवरून पाहणारी तपासणी, आई काही ना काही कारणाने पुढे ढकलत होती, म्हणून हे कुटुंब समुपदेशनासाठी माझ्याकडे आले. समजावून झाल्यावरही गाडे अडलेली माणसेच बहुधा माझ्याकडे पाठवली जातात.

"माझ्या मावशीला कॅन्सर होता, मॅडम. माझ्याच बाजूनं आलं असणार," हे वाक्य ती प्रत्येक भेटीत म्हणत असे. मी ते खोडून काढले नाही, कारण खोडून काढणारे तिला पुष्कळ भेटले होते. एकदा मी एवढेच विचारले, "तुमच्याकडून आलं नाही, असं उद्या सिद्ध झालं, तर?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग हे का झालं, याला उत्तरच उरत नाही."

माझ्या मते सारी गाठ येथेच असते. अपराधभावना अज्ञानातून आलेली आहे असे समजून आपण तिच्यावर माहितीचा मारा करतो; प्रत्यक्षात ती एक काम करत असते. विनाकारण कोसळलेल्या आपत्तीपेक्षा स्वतःच्या दोषामुळे आलेली आपत्ती मनाला सोसवते, कारण तिला निदान कारण तरी असते. हे काम ओळखल्याशिवाय दिलेली माहिती कानावरून जाते, असे मी ठामपणे म्हणू शकते.

पुढच्या भेटीला मी मुलीचा गुणसूत्र-तपासणीचा अहवाल मागवला. अस्थिमज्जेतील २० पेशी तपासल्या होत्या. १७ पेशींत ती अदलाबदल होती आणि ३ पेशींची गुणसूत्रे पूर्णपणे सामान्य होती. तिचे बोट त्या तीनच्या आकड्यावर थांबले.

"या तीन कोणाच्या?"

"तिच्याच."

"मग यांच्यात का नाही?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"जन्मापासूनचं असतं, तर वीसच्या वीस पेशींत असतं," ती सावकाश म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे त्याच्या रक्तातही हे नसेल?"

मुलाच्या तपासणीत अडथळा होता तो हाच. धाकट्याचे रक्त देऊन आपण तोच आजार मुलीच्या अंगात पुन्हा घालू, अशी तिची भीती होती आणि ती तिने घरात कोणालाही सांगितली नव्हती. वीसच्या वीस पेशींचे ते वाक्य मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते, पण ते तिच्या तोंडून यायला हवे होते.

वाचकांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. एखाद्या अहवालात तपासलेल्या सर्वच पेशींत बदल दिसला, तरी तो आनुवंशिक ठरत नाही. तपासलेल्या सगळ्याच पेशी आजारी असू शकतात. या उपप्रकारातील अदलाबदल जन्मानंतर, रक्त तयार करणाऱ्या एखाद्या पेशीत घडते. पूर्वी घेतलेली काही केमोथेरपी, किरणोत्सर्ग किंवा बेंझीनचा संपर्क यांमुळे एएमएलचा धोका वाढतो हे खरे, पण बहुतेक रुग्णांत असे कोणतेही कारण सापडत नाही. मात्र एएमएल कधीच घराण्यातून येत नाही, असे म्हणणेही चुकीचे आहे. डीडीएक्स४१, जीएटीए२, रनएक्स१, सीईबीपीए अशा जनुकांतील जन्मजात बदलांमुळे काही कुटुंबांत हा धोका वाढतो. म्हणून मावशीच्या आजाराची माहिती मनात न ठेवता डॉक्टरांना सांगावी. शंका असल्यास रक्ताऐवजी बहुधा त्वचेच्या नमुन्यावर तपासणी करतात, आणि घरातील व्यक्ती दाता होणार असेल, तर ती आधीच झालेली बरी. डॉक्टर घराण्याचा इतिहास विचारतात तो याचसाठी. त्यात दोषारोप शोधू नये.

सख्ख्या भावंडाची जुळणी पूर्ण निघण्याची शक्यता २५ टक्के असते. या मुलाची अर्धीच निघाली. अर्ध्या जुळणीचा भाऊ आणि दात्यांच्या नोंदणीतून मिळू शकणारा पूर्ण जुळणीचा अनोळखी दाता यांतून निवड कशाच्या आधारे करणार, हा त्या आईने डॉक्टरांना विचारलेला पहिला प्रश्न होता.