होणाऱ्या सुनेला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणते, थोडं थोडं खाल्लं की सवय होते का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग नीट झोप लागली नाही, म्हणून डबे भरून झाल्यावर आधी हे लिहायला बसले. तुम्ही विचारलंय की मुलाची होणारी बायको दाण्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणते, तुमच्याकडे कुटाशिवाय दिवस जात नाही, तर चिमूट चिमूट घालत गेलं की सवय होईल का, आणि हे मनाचं असतं का. नाही होत. मनाचं नसतं. ती चिमूट घालू नका, हात जोडून सांगते.

मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन ठाण्यात आले. माझी धाकटी जाऊ जळगावकडची आणि तिला दाणे चालत नाहीत. लग्न ठरतानाच तिने सांगितलं होतं. पण आमच्या सासरी कूट म्हणजे मिठाच्या बरोबरीचं, खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, मेथीच्या भाजीत, आमटीतसुद्धा. एकादशीला ती छोट्या कढईत स्वतःची वेगळी खिचडी करून घ्यायची आणि आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो. माझी थोरली नणंद तर तोंडावर बोलायची, जळगावकडची मुलगी आणि दाणे खात नाही, असं ऐकलंय का कुणी.

२०१६ च्या गौरीजेवणाला वन्संनी काकडीच्या कोशिंबिरीत कूट घातलं. एकच चमचा, तेसुद्धा दह्यात फेटून, म्हणजे दिसायला नको. म्हणाल्या, खाल्ल्याशिवाय सवय कशी लागणार. मी शेजारी पोळ्या लाटत होते. मी ऐकलं आणि गप्प बसले. पहिल्याच घासाला धाकटी ताटावरून उठली, भाऊजींनी तिला बाईकवर घालून डॉक्टरकडे नेलं आणि आम्ही इकडे पंगत पुरी केली. भरल्या ताटावरून उठली, गौरीचा अपमान केला, असं वन्सं म्हणाल्या आणि मी त्यालाही मान हलवली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, आणि मला वाटलं रडून सुजलेत.

आता माझं ऐका. कोळंबी मी दात आल्यापासून खाल्लेली, माझ्या माहेरी बाळंतिणीचे दिवस सोडले तर कुणाला मासे चुकत नाहीत. २०२२ चा नोव्हेंबर, रविवार. दोन वाटे कोळंबी आणली होती, सोलून काळा दोरा काढताना बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. ती दोन-तीन महिने सुटतच होती, मला वाटायचं काटा टोचतो किंवा बर्फाच्या पाण्याने होतं. सकाळी कंबर धरली होती म्हणून पेनकिलरही घेतली होती. जेवून वीसेक मिनिटं झाली असतील, तळहात खाजायला लागले, मग तळपाय, मग पोटावर गांधी उठल्या. पित्त उठलं म्हणून मी आपली नेहमीसारखी आमसुलं भिजवली आणि बाथरूममध्ये स्टुलावर बसून ते लाल पाणी हातापायाला चोळत बसले. ह्यांना हाक मारली तर तो आवाज माझा नव्हताच, घोगरा, कुणीतरी दुसरंच बोलतंय असा. घशात सुपारी अडकल्यासारखं झालं, ह्यांनी सेट्रिझिन आणून दिली ती गिळता येईना, पोटात मुरडा आला म्हणून उठले आणि डोळ्यापुढे अंधार, बेसिनला धरून खाली बसले ती बसलेच. मला ऐकू सगळं येत होतं, ह्यांनी शेजारच्यांचं दार वाजवलं ते, लिफ्टचा आवाज, मुलगी आई आई करत होती ते. आणि मनात एकच, की मी आता जाणार. डॉक्टर नंतर म्हणाले की मरणार असं वाटणं हे पण त्यातलंच एक लक्षण असतं.

मागच्याच गल्लीत नर्सिंग होम आहे म्हणून वाचले. ड्यूटीवर एक तरुण मुलगी होती, तिने ओठ बघितले, बीपी बघितलं, काय खाल्लं एवढं विचारलं आणि थेट मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. पायाखाली उशा घालून आडवंच ठेवलं, उठून बसू दिलं नाही, कारण बीपी पडलेलं असताना एकदम उठवलं तर माणूस जागच्या जागी जातो. छाती धडधडायला लागली, हात पानासारखे थरथरायला लागले आणि पाच-सात मिनिटांत घसा मोकळा झाला. याला अ‍ॅनाफिलेक्सिस म्हणतात, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन. सेट्रिझिन, एव्हिल या गोळ्या खाज आणि गांधी कमी करतात, बंद होत चाललेला घसा आणि पडलेलं बीपी त्यांनी सावरत नाही, ते काम अ‍ॅड्रेनलिनचं. बरं वाटल्यावरही काही तासांनी परत उलटू शकतं म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

रात्री सोबतीला धाकटी आली. मागचं काहीच काढलं नाही तिने, माझ्या पायावर चादर घातली आणि स्टुलावर बसून राहिली. मीच विचारलं, त्या दिवशी तुला असंच झालं होतं का गं. म्हणाली, हो वहिनी, बाईकवर मागे बसून मला एवढंच वाटत होतं की ह्यांनी सिग्नल तोडावा. सहा वर्षांनी मी तिची माफी मागितली. उशिरा मागितली, पण मागितली.

पुढे टेस्ट झाल्या आणि अ‍ॅलर्जी कोळंबीचीच निघाली. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं, ते उकळून, तळून कशानेही मरत नाही, आणि कुर्ल्यांमध्येही असतं म्हणून कुर्ल्यापण बंद. बांगडा, सुरमई टेस्ट करून चालू ठेवलेत, त्यांचं प्रोटीन वेगळं. वय वाढल्यावर कोळंबीची अ‍ॅलर्जी सुरू होणं यात नवल काही नाही म्हणे. आणि ती पेनकिलर, तिने रिअ‍ॅक्शनला जोर दिला असणार असं डॉक्टरांचं मत. काही पेनकिलर, दारू, जेवल्याजेवल्या केलेली धावपळ, यांनी एरवी थोडक्यात गेलं असतं ते भडकतं. त्यामुळे मागे एकदा खाल्लं तेव्हा कुठे काय झालं, या बोलण्याला अर्थ नाही.

तेव्हापासून धाकटीचं रोजचं जगणं कळतंय मला. माहेरी गेले तर मामी म्हणते वांग्यात फक्त सोडे आहेत, कोळंबी नाही. अगं सोडे म्हणजे कोळंबीच ना वाळवलेली! हॉटेलात विचारलं की वेटर म्हणतो काढून देतो मॅडम. काढून काय देतोस बाबा, तेल तेच, कढई तीच, झारा तोच. लग्नात ताट घेऊन उभी असते आणि मागची बाई हळूच म्हणते, आजकाल सगळ्यांनाच काहीतरी असतं. दर वेळी आपणच पाहुण्यांचा मूड घालवतोय असं वाटतं, म्हणून माणूस विचारायचं टाळतो आणि तिथेच घात होतो. धाकटीने हे आमच्या घरात बारा वर्षं काढलं, तेसुद्धा सून म्हणून, जिथे ताटातलं नको म्हणायची चोरी असते.

वन्सं अजून म्हणतात मनाचे खेळ, आमच्या वेळी असलं नव्हतं. वन्सं हे वाचणार नाहीत पण मला एकदा लिहायचंच आहे. अ‍ॅनाफिलेक्सिस हा शब्द १९०२ चा आहे. फ्रान्सचे शास्त्रज्ञ शार्ल रिशे यांनी समुद्रफुलाचं, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका समुद्री प्राण्याचं, विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून बघितलं, त्यांना सवय होते का म्हणून. पहिला डोस पचवलेल्या कुत्र्यांना काही आठवड्यांनी परत थोडासाच डोस दिला तर ती काही मिनिटांत कोसळली, काही मेलीसुद्धा. सवय झालीच नाही, उलटं झालं. त्या कामाला १९१३ साली नोबेल मिळालं. म्हणजे तुमच्या आईच्याही आधीची गोष्ट आहे वन्सं, आणि तुमच्या त्या चमच्याचं उत्तर तेव्हाच मिळालेलं होतं. मनाचे खेळ असते तर २०२० च्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, लेबलच्या नियमात दाणे आणि कोळंबी-कुर्ल्यांचा वर्ग पाकिटावर लिहिलाच पाहिजे असं कशाला घातलं असतं?

आता तुमच्या घराचं. फक्त भाजीत कूट न घालून भागत नाही. मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा, दाणे वाटलेल्या भांड्यात चटणी वाटली तरी त्रास व्हायला तेवढं पुरतं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल हल्ली सगळे हौसेने आणतात, त्यात दाण्याचं प्रोटीन राहतं, ते बंद. फरसाण, चिवडा, गोडा मसाला, बाहेरच्या चटण्या, पाकिटाच्या मागे वाचल्याशिवाय तिला देऊ नका. कुटाऐवजी आम्ही आता भाजलेले तीळ किंवा सुकं खोबरं घालतो, पण तेही तिला चालतं का आधी विचारा, काहींना तीळपण चालत नाही. खरं सांगू, महिन्याभरात सवय झाली, सवय व्हायची ती आपल्याला.

थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवायची एक ट्रीटमेंट असते, ते खरं आहे, पण ती अ‍ॅलर्जीचे डॉक्टर देतात, मोजूनमापून, समोर इंजेक्शन तयार ठेवून. स्वयंपाकघरात चोरून नाही. आणि अंगावर उठलेलं प्रत्येक पित्त म्हणजे अ‍ॅलर्जी असंही नाही, दूध पचत नाही ते वेगळं. मी डॉक्टर नाही, तिच्या टेस्टचे कागद असतील तर तेच खरे धरा.

परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून मला डॉक्टरांनी अ‍ॅम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आणि सिरिंज लिहून दिलीय, किती आणि कुठे टोचायचं ते ह्यांना आणि मुलीला शिकवलंय. तुमच्या सूनबाईंकडे पण असेल. लग्नाच्या खरेदीला जाल तेव्हा तिला शांतपणे विचारा, पर्सच्या कुठल्या कप्प्यात ठेवतेस, आणि मला द्यायला शिकव.