‘आदिवासी वेशभूषा’ म्हणावे की ‘पेहराव’?

प्रश्न : जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या, नाशिकमधील आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी स्त्रियांची पारंपरिक वेशभूषा’ असे छापले होते. सुरगाण्याहून आलेल्या काही भगिनींना तो शब्द खटकला. तो चुकीचा आहे का?

उत्तर : कोशाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. मात्र आज ‘वेशभूषा’ प्रामुख्याने नाटकाच्या श्रेयनामावलीत आणि शाळांच्या स्पर्धांत भेटते, शिवाय ‘वेष घेणे’, ‘वेषांतर’ या प्रयोगांची सावली तिच्यावर पडते. त्यामुळे एखादी स्त्री शेतावर, बाजाराला आणि लग्नकार्याला जे नेसते, ते तिने तेवढ्यापुरते घेतलेले सोंग आहे, असा भाव नकळत उमटतो. त्या भगिनींची हरकत मला पूर्णपणे रास्त वाटते.

उत्तर अमेरिकेतील अनेक मूलनिवासी याच कारणाने ‘कॉस्च्युम’ हा शब्द नाकारतात आणि सोहळ्याच्या वस्त्रांना ‘रिगॅलिया’ म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात दहा वर्षांची एक मूलनिवासी मुलगी शाळेतील औपचारिक पोशाखाच्या दिवशी रिबन स्कर्ट, म्हणजे रंगीत फिती शिवलेला तिच्या समाजातील स्त्रियांचा घागरा, घालून गेली, तेव्हा तो त्या दिवसाला साजेसा नाही असे तिला सुनावण्यात आले. त्यावर एवढे पडसाद उमटले की संसदेने कायदा केला आणि २०२३ पासून ४ जानेवारी हा तेथे राष्ट्रीय रिबन स्कर्ट दिन झाला. या स्कर्टवरच्या फिती मुळात युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेल्या. पण आई, आजी, मावशी यांनी त्या शिवून लेकीबाळींना नेसवल्या आणि त्या समाजाची ओळख झाल्या. आपल्याकडेही पेठ-सुरगाणा तालुक्यांतील कोकणा जमातीच्या स्त्रियांचे लुगडे बाजारातूनच येते, तरी ते गुडघ्यापर्यंत नेसण्याची रीत घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडूनच मिळते.

पर्यायांपैकी ‘पोशाख’ फारसीतून आलेला, मानाच्या वस्त्रांचीही आठवण देणारा शब्द आहे; तो चालेल. मला ‘पेहराव’ अधिक योग्य वाटतो, कारण त्यात अंगावर वस्त्र घालणे एवढाच अर्थ आहे.

शक्य तेथे वस्त्राचे स्वतःचे नावच लिहावे. ‘फडकी’ या, आदिवासी स्त्रिया अंगावरून घेतात त्या वस्त्राच्या, नावाशी शहरी वाचक अडखळतो, कारण त्याला पुसायचे फडके आठवते, आणि मग संपादक तिची ‘ओढणी’ करून टाकतात. तसे करू नये. पत्रिकेत ‘आदिवासी स्त्रियांचा पेहराव : लुगडे, चोळी, फडकी’ असे छापावे, आणि रिबन स्कर्टला ‘रिबन स्कर्ट’च म्हणावे.