१६ एमबी रॅम असूनही ‘मेमरी पुरत नाही’? रॅम वाढवू नका

तुमचं ४८६ प्रोसेसरचं जुनं मशीन, डॉस ६.२२ (कमांड टाइप करून चालणारी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम), १६ एमबी रॅम, तरी क्लिपरमधला (डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहायची जुनी भाषा) हिशेबाचा प्रोग्रॅम मेमरी पुरत नाही म्हणून बाहेर फेकतोय आणि तुम्ही अजून रॅम शोधताय. नका शोधू हो, पैसे वाया जातील. साधा डॉस प्रोग्रॅम चालतो पहिल्या ६४० के मध्ये, १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची वाटणी ती, प्रोसेसरला दिसायचं १ एमबी आणि ६४० के च्या वरचं सगळं स्क्रीन, कार्डं आणि बायॉसला (मशीन सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम) देऊन टाकलेलं. आधी मेम /सी /पी ही कमांड मारा, त्या ६४० मध्ये कोण कोण पथारी पसरून बसलंय ते दिसेल, आणि एकूण फ्रीचा आकडा सोडून सगळ्यात मोठा प्रोग्रॅम केवढा चालेल ती ओळ वाचा.

कॉन्फिग.सिस (बूट होताना डॉस वाचतं ती सेटिंगची फाइल) मध्ये आधी हायमेम (१ एमबीच्या वरची मेमरी खुली करणारा ड्रायव्हर), त्याखाली ईएमएम३८६ (६४० के ते १ एमबी मधल्या रिकाम्या जागा वापरायला देणारा), मग डॉस=हाय,यूएमबी. एवढ्यानेच डॉसचा बराच भाग १ एमबीच्या वर सरकतो, चाळीसेक के तिथेच सुटतात.

आता खरा प्रश्न, ईएमएम३८६ च्या ओळीत नोईएमएस हा शब्द लावायचा की रॅम हा. तुमचा प्रोग्रॅम ईएमएस (जादा मेमरी एका खिडकीतून थोडीथोडी दाखवायची जुनी पद्धत) मागत असेल (लोटस या जुन्या स्प्रेडशीटच्या जमान्यातले बरेच मागतात) तर रॅम, नाहीतर बिनधास्त नोईएमएस, कारण ईएमएसची खिडकी वरच्या जागेतले ६४ के फुकट अडवते. कलर व्हीजीए डिस्प्ले असेल तर त्याच ओळीत आय=बी०००-बी७एफएफ (म्हणजे ही जागाही वापर) टाकून अजून ३२ के मिळतात, ती मोनो डिस्प्लेची जागा, रिकामीच असते. काही एसव्हीजीए कार्डं मात्र ती वापरतात, स्क्रीनवर कचरा दिसला की ओळ काढून टाका.

मग ड्रायव्हर त्या वरच्या जागेत चढवा, कॉन्फिग.सिस मधले डिव्हाइसहाय ने आणि ऑटोएक्झेक.बॅट मधले एलएच ने, पण मोठे आधी. बरेच ड्रायव्हर चढताना जास्त जागा खातात आणि मग आकसतात, म्हणून मेम मध्ये १० के चा दिसणारा ड्रायव्हर २० के च्या भोकात बसेलच असं नाही, इथेच लोक तासन्‌तास डोकं आपटतात. हिशेबाला सीडी लागत नसेल तर सीडीचा ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीचा एमएससीडेक्स हा प्रोग्रॅम उडवाच. माऊसला सीटीमाऊस हा छोटा ड्रायव्हर घ्या, तीनेक के मध्ये भागतं.

मेममेकर (डॉसबरोबरच येणारा, हे सगळं आपोआप करणारा प्रोग्रॅम) चालवायला हरकत नाही पण आंधळा विश्वास नको. एका ऑफिसात मी तो चालवून खुशीत घरी आलो, दुसऱ्या दिवशी फोन, मशीन सर्व्हरला लागलं की लटकतंय. नेटवर्क कार्डाची स्वतःची मेमरी डी००० ला होती आणि ईएमएम३८६ ने नेमकी तीच जागा रिकामी समजून वाटून टाकलेली. ईएमएम३८६ च्या ओळीत एक्स=डी०००-डी३एफएफ (म्हणजे ही जागा सोड) लिहिलं आणि गप झालं. तुमच्याकडे कार्ड असेल तर त्याचा पत्ता आधी बघून घ्या.

एकावेळी एकच ओळ बदला, बूट होताना एफ८ दाबून एकेक ओळ चालवता येते, पार अडकलं तर एफ५, म्हणजे या सेटिंगच्या फाइली वगळून बूट होतं. तरी जमलं नाही तर मेम /सी चं अख्खं लिस्टिंग टाका, बघू.